विसरण्यावर गोळी आहे का?



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. त्यांच्या सासूबाई जेवण झालं तरी ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणतात. कुणीतरी मेंदूसाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सांगितल्या. तीन महिन्यांचे साडेचार हजार रुपये! कर्ज देण्याआधी आम्ही ठरवलं, या गोळ्यांनी काय होतं ते आधी समजून घेऊ.

वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं. पाण्यात टाकलं तर हवेतला ऑक्सिजन लागत नाही, वांगं पांढरं राहतं. आपलं शरीर ऑक्सिजन वापरतं तेव्हाही काही घातक कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. ही इजा रोखणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. ई आणि क जीवनसत्त्व त्यातलेच. अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत अशी इजा जास्त दिसते. मग गोळ्या दिल्या तर मेंदू वाचेल, असं शास्त्रज्ञांना वाटलं. वाटणं बरोबर होतं, पण माणसांवर तपासून पाहायला हवं होतं.

2005 साली अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासाचा निकाल आला. थोडं विसरू लागलेल्या 769 जणांचा तो अभ्यास होता. तीन वर्षं ई जीवनसत्त्व घेऊनही अल्झायमर टळला नाही. 2017 साली साडेसात हजार पुरुषांच्या अभ्यासातही ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमने स्मृतिभ्रंश रोखला नाही.

2014 साली मात्र थोडा फायदा दिसला. आजार आधीच झालेल्यांना मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व दिलं, तेव्हा अंघोळ, कपडे घालणं अशी रोजची कामं सुटण्याचा वेग थोडा कमी झाला. आठवण सुधारली नाही. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत ही गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून मनाने घेऊ नका.

मग आम्ही त्या ताईंना विचारलं, ‘सासूबाईंची तपासणी झाली का?’ झाली नव्हती. बी-12 कमी असलं, थायरॉईड बिघडलं, मन उदास असलं तरी माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार आहेत. गटाने कर्ज दिलं, पण बाराशे रुपये, तपासणीला आणि जाण्यायेण्याला. बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. अल्झायमरची शंका अजून आहे, म्हणून पुढच्या तपासणीला जिल्हा रुग्णालयात जायचंय. आजार निघाला तरी वेळेवर कळेल, आणि ‘सासूबाई मुद्दाम करतात’ हा घरातला राग तरी निवळेल.

मैत्रिणींनो, आवळा, शेवग्याचा पाला, पालेभाज्या जेवणात असू द्या. बीपी आणि साखर आटोक्यात ठेवा. ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. बहिरेपण, विडी-सिगारेट, एकटेपणा यांनीही धोका वाढतो. म्हातारीला कोपऱ्यात बसवू नका. शेंगा फोडायला, गप्पा मारायला सोबत घ्या.

आणि गटात कुणी अशा गोळ्यांसाठी कर्ज मागितलं, तर हसू नका. आधी एवढंच विचारा, ‘डॉक्टरांना दाखवलं का?’