वरातीतून आलेला जॅझ

आमच्या निलंग्याच्या वाट्याला जॅझ कधी आलाच नाही असे कोणी म्हणाले, की मी त्याला जुन्या वरातींची आठवण करून देतो. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे, मागे घोड्यावर नवरदेव आणि पुढे बँडपथक. दोन-तीन ट्रंपेट, दोन क्लॅरनेट, एक भलेमोठे पितळी युफोनियम, साइड ड्रम, ढोल. पथकाने ‘शोला जो भडके’ची चाल धरली की वरात चौकातच थबकायची. ते गाणे १९५१ सालच्या ‘अलबेला’तले. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. त्यांचा साहाय्यक होता अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रंपेटवादक. मुंबई त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखत होती आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत होती. ‘अलबेला’त तो आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. फिरत्या टॉकीजमधून आणि वरातींमधून त्या ट्रंपेटचे सूर निलंग्यापर्यंत पोहोचले. जॅझच्या ज्या बैठकीतून ते उगवले होते, ती बैठक मात्र आली नाही. आज मागोवा घ्यायचा आहे तो या बैठकीचा.

१९३५ साली लिऑन ॲबीचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. सगळे वादक कृष्णवर्णीय अमेरिकन. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होता. मुंबई आमच्या लोकांसाठी परमुलूखच. ॲबीमागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक ताजमध्ये वाजवू लागले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने वारला. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हते, त्यांना इथे मानाने बोलावणे येत होते. श्रोते संस्थानिक, साहेबलोक आणि श्रीमंत पारशी. सामान्य मराठी माणसाला त्या दालनाचे दारही दिसत नव्हते. पण या पाहुण्यांच्या शेजारी बसून, ऐकून आणि विचारून शिकणारी मुले सामान्य घरांतलीच होती, आणि त्यांतली बहुतेक गोव्याची.

गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन शिकवायची जुनी पद्धत होती. कागदावरचे सूर वाचता येणे हीच त्या मुलांची शिदोरी. ती घेऊन ती मुंबईला यायची आणि धोबी तलाव, गिरगाव भागातल्या आपापल्या गावाच्या ‘कुड्डां’त उतरायची. गावाच्या नावाची सामाईक खोली, भिंतीलगत ट्रंका आणि एका कोपऱ्यात देव्हारा. संध्याकाळी काळा कोट चढवून हॉटेलात जायचे, साहेबांना नाचायला लागेल ते वाजवायचे आणि मध्यरात्रीनंतर मोकळे व्हायचे. हॉटेलात जे वाजायचे ती नोकरी होती. नोकरी संपल्यावर चार जण कुठे तरी एकत्र बसून स्वतःच्या आनंदासाठी वाजवत, तिथे जॅझ घडत असे. अमेरिकेतही हेच झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाउस नावाच्या छोट्या जागी १९४० नंतर सोमवारच्या रात्री दमलेले वादक जमत, बिनपैशाने पहाटेपर्यंत वाजवत. थेलोनियस मंक, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर यांनी अशाच रात्रींतून बीबॉप नावाची नवी शैली उभी केली.

आधी भेट नाही, तालीम नाही, तरी ही माणसे एकत्र वाजवू कशी शकतात? कारण सगळ्यांना तीच गाणी पाठ असतात. यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. बहुतेक स्टँडर्ड १९२० ते १९५० या काळातल्या अमेरिकन नाटकांतली आणि चित्रपटांतली लोकप्रिय गाणी आहेत: संगीतकार गर्शविनचे १९३० चे ‘आय गॉट ऱ्हिदम’, १९३५ चे ‘समरटाइम’, किंवा मूळ फ्रेंच चालीवरचे ‘ऑटम लीव्ह्ज’. सर्वांत नेहमीचा साचा ३२ बारांचा. चार मात्रांचा एक बार, म्हणजे एकूण १२८ मात्रांचे आवर्तन. त्यात आठ-आठ बारांचे चार भाग असतात. बहुधा पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा वेगळा. वाजवायला बसले की आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो. आवर्तन तेच, स्वरसंगतींचा क्रम तोच, पण त्यावर त्याने त्या घटकेला सुचेल ते वाजवायचे. बाकीच्यांनी आधार द्यायचा. सगळ्यांचे झाले की ड्रमवाल्याशी चार-चार बारांचे सवाल-जवाब होतात आणि शेवटी पुन्हा सगळे मूळ चालीवर येतात. आपण आवर्तनात कुठे आहोत ते कोणी मोजून सांगत नाही. ज्याला कळत नाही त्याने ऐकत राहायचे, कळले की शिरायचे.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला मला कधीच जड गेले नाही. एकादशीच्या रात्री परगावचा पाहुणा देवळात आला तर त्याची परीक्षा कोणी घेत नाही, त्याच्या हातात टाळ देतात. तो पखवाज वाजवतो असे कळले तर गावचा मृदंगी सरकून त्याला जागा करून देतो. रूपाचा अभंग आधी, गौळण मागाहून, भैरवी शेवटी हे सगळ्यांना ठाऊक असते. चाल निघाली की ध्रुपद सगळे झेलतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत ज्याच्या गळ्यात जे असेल ते तो घेतो. निलंगा, औसा, देवणी या पट्ट्यात बिदरकडचे कानडी बोलणारे भजनीही अशा बैठकीत अवघडत नाहीत. पाठांतर सगळ्यांचे सारखे असल्यामुळे अनोळखी माणूस परका राहत नाही. जॅझच्या बैठकीचा जीव याच गोष्टीत आहे, आणि मला तिच्याबद्दल प्रेम वाटते तेही म्हणूनच.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली. १९४९ च्या कायद्याने हॉटेलांतल्या रात्री कोमेजल्या आणि वादकांची कमाई आटली. हे वादक मग चित्रपटांच्या स्टुडिओंत गेले. आपल्या संगीतकारांना चाली सुचत होत्या, पण पन्नास वादकांसाठी त्या कागदावर उतरवणे त्यांतल्या फार थोड्यांना येत होते. गोवेकरांना ते हातखंडा येत होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचे अंग दिले. नावे मात्र बहुतेकदा श्रेयनामावलीत आली नाहीत. जॅझला श्रोते अपार मिळाले ते याच वाटेने, आणि याच वाटेने जॅझमधला मोकळेपणा गेला. रेकॉर्डवर ट्रंपेटचा जो तुकडा एकदा छापला गेला तो तसाच राहिला. निलंग्याच्या बँडवाल्यानेही तो जसाच्या तसा उचलला, जिवापाड घोटला आणि वर्षानुवर्षे तसाच वाजवला. त्या तुकड्याच्या जागी चिक चॉकलेट रोज रात्री काही तरी निराळे वाजवत असेल, हे त्याला सांगायला कोणी नव्हते. त्यात त्याचा काय दोष?

तरीही मुंबईत बैठक टिकली, आणि ती टिकवणाऱ्यांत निव्वळ हौशी माणसे बरीच होती. १९५२ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचे जॅझला वाहिलेले मासिक काढले. ते फार काळ चालले नाही, पण रेकॉर्डी जमवणारी, एकमेकांच्या घरी बसून ऐकणारी मंडळी त्याने जोडली. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम सुरू झाला. शॉर्टवेव्हवर लागणारा तो आवाज ऐकायला हॉटेलाचे तिकीट लागत नव्हते. एरियल आणि थोडी चिकाटी असली की तो कोणत्याही गावात यायचा. कार्यक्रमाची सुरुवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाच्या ‘टेक द ए ट्रेन’ने होई. याच दशकाच्या मध्यावर, १९५६ साली, अहमदपूर आणि उदगीरबरोबर निलंगा तालुका बिदरमधून निघून मुंबई राज्यात आला. नकाशावर तरी मुंबई आमची झाली.

चर्चगेटच्या रस्त्यावर तेव्हा ओळीने रेस्टॉरंटे होती: गेलॉर्ड, बॉम्बेलीज, अँबॅसिडर, ॲस्टोरिया हॉटेलातले व्हेनिस. रविवारी सकाळी तिथे ‘जॅम सेशन’ होत. कॉलेजची मुले सरबताच्या एका ग्लासावर दोन-दोन तास बसत. आपली रात्रीची नोकरी आटोपून इतर हॉटेलांचे वादक व्हेनिसमध्ये येत आणि ख्रिस पेरीसारख्या बँडप्रमुखांच्या मंचावर चढत. गायिका लोर्ना याच काळात गायला लागली. ‘नाचोम-इया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट या दोघांच्या गोष्टीवर बेतलेला आहे; जमले तर जरूर पाहावा. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक, १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग असे मोठे लोक मुंबईत वाजवून गेले. शीतयुद्धात अमेरिकेला आपली उदार प्रतिमा जगापुढे ठेवायची होती, म्हणून ब्रुबेक आणि एलिंग्टन यांच्या दौऱ्यांचा खर्च त्यांचे परराष्ट्र खाते करत होते. हेतू राजकीय असला तरी इथल्या वादकांना थोरांना जवळून ऐकता आले, हे मोठेच. एलिंग्टनच्या त्या दौऱ्यातून पुढे ‘फार ईस्ट स्वीट’ जन्माला आली. तिच्यातला एक भाग ‘आग्रा’ या नावाचा आहे.

मग उतरण लागली. तरुणांना गिटारवाले रॉक हवे होते. पुढे डिस्को आला, रेकॉर्ड लावून काम भागू लागले आणि हॉटेलांनी वादक कमी केले. १९८० नंतर सिंथेसायझरने स्टुडिओही रिकामे केले. हीच वेळ झवेरींनी ‘जॅझ इंडिया’ ही संस्था घेऊन उभे राहायची निवडली. १९७८ च्या फेब्रुवारीत धोबी तलावाच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली. उघड्यावरचा मंच, दगडी पायऱ्या आणि सोनी रोलिन्सचा सॅक्सोफोन. १९८० मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आला. ब्राझ गोन्साल्विस आणि लुई बँक्स यांच्यासारखे आपले वादक याच मंचावर जगाच्या बरोबरीने उभे राहिले आणि रागसंगीताशी त्यांनी नाते जोडले. यात्रेचे ऋण मोठे आहे. माझे एक मत मात्र ठाम आहे: उत्सवातून श्रोते तयार होतात, वादक तयार होतात ते दर आठवड्याच्या बैठकीतून. एरवीच्या दिवसांत जे वाजत नव्हते त्याची भरपाई यात्रा करू शकली नाही. पुढे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तिथले कार्यक्रमही थांबले.

नंतरचा काळ मी भरभर सांगतो. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीताचे ठिकाण उघडले, २०१६ मध्ये बंद झाले. युनेस्कोच्या ठरावानुसार २०१२ पासून ३० एप्रिल हा जागतिक जॅझ दिन झाला आणि लुई बँक्स यांनी तो मुंबईत साजरा करायची प्रथा पाडली. आता मुंबई-पुण्यात दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी वाजवायला जमणारे हौशी पुन्हा दिसतात. त्यांच्याजवळ एक पुस्तक असते, ‘द रिअल बुक’. बोस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात स्टँडर्डांच्या चाली आणि स्वरसंगती हाताने लिहून झेरॉक्स केल्या, कोणाचीही परवानगी न घेता, आणि ती चोपडी लपूनछपून जगभर गेली. कायदेशीर आवृत्ती निघाली ती २००४ मध्ये. पूर्वी जे चार वादकांच्या संगतीत वर्षे घालवून मिळायचे ते त्या चोपडीने पानावर आणले. आता मोबाइलवरचे ॲप मागची साथही वाजवते, पण ॲप कोणाचे ऐकत नाही. समोरचा वादक अडखळला की साथीदाराने त्याला सांभाळून घ्यायचे असते, ते शिकायला माणसेच लागतात.

निलंग्याचे काय? डीजेच्या भिंती आल्या तशी बँडपथकांची कामे घटली. घराघरांत क्लॅरनेट आणि ट्रंपेट खुंटीला लागले आहेत. ते वाजवणारी माणसे अजून आहेत. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्ने नसतात, त्यांच्या संध्याकाळी रिकाम्या असतात. माझ्या मनात कित्येक वर्षे आहे की या मंडळींनी चातुर्मासात आठवड्यातून एकदा बसावे, आणि आता दोघा-तिघांनी होकारही भरला आहे. सुरुवात बारा बारांच्या ब्लूजने करायची. बँडवाल्यांचे ट्रंपेट आणि क्लॅरनेट बी फ्लॅटचे असतात, पेटीवर ती काळी पाच. म्हणजे भजनातला पेटीवालाही चालेल. पहिले चार बार काळी पाचवर, दोन काळी दोनवर, परत दोन काळी पाचवर, मग एक पांढरी चारवर, एक काळी दोनवर आणि शेवटचे दोन पुन्हा काळी पाचवर. ४८ मात्रांत आवर्तन पुरे. ढोलकीवाल्याने प्रत्येक मात्रेचे तीन भाग मनात धरायचे आणि पहिला आणि तिसरा वाजवायचा, म्हणजे जॅझचा झोका येतो. चाल एलिंग्टनच्या ‘सी जॅम ब्लूज’ची घ्यावी. तिच्यात सूर दोनच आहेत, पंचम आणि वरचा षड्ज. आयुष्यभर वराती वाजवलेल्या माणसाला ती पहिल्या फेरीतच बसेल. पुढचे बारा बार त्याचे, आणि तिथे त्याने कुठल्याच रेकॉर्डवरचे वाजवायचे नाही.