माती किती वाजता?

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात कुणाची आई गेली की गावाकडून येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: माती किती वाजता? विचारणारा कोरडा नसतो. पुण्याहून निघालेली लेक पोचेल का, ऊसतोडीला गेलेल्या धाकट्याला मुकादम लगेच सोडील का, माहेराहून भाऊ-भाचे साडी घेऊन कधी येतील, हे सगळं त्या एका प्रश्नात असतं. उत्तर ज्याच्याकडून हवं तो थोरला मात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला असतो. त्याला कुणीतरी एवढंच सांगून गेलेलं असतं की, कागद होईपर्यंत थांबा.

बीड जिल्ह्यात मरण दवाखान्यात आणि माती गावात, हे आता नेहमीचं झालं आहे. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव असलेल्या या संस्थेच्या रुग्णालयात केज, धारूर, परळीचे पेशंट येतात, शेजारच्या जिल्ह्यांतूनही येतात. आष्टी-पाटोद्याकडची माणसं अहिल्यानगर गाठतात, गेवराईची छत्रपती संभाजीनगर. म्हणजे आई जिथं जगली ते गाव एक, आणि जिथं तिनं शेवटचा श्वास घेतला ते दुसरंच, कधी कधी दुसऱ्या जिल्ह्यातलं.

इथंच पहिली गफलत होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि त्यानुसार मृत्यू जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते. आई धारूर तालुक्यातल्या गावची असली तरी अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली असेल, तर दाखला अंबाजोगाईचाच मिळणार. तेरावा उरकल्यावर गावच्या ग्रामसेवकाकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेलपाटे मारण्यात अर्थ नाही. त्यांच्या वहीत ती नोंद नसतेच. दवाखान्यातल्या मृत्यूची माहिती निबंधकाला कळवणं हे दवाखान्याचं काम आहे, नातेवाइकांचं नाही. मुदत एकवीस दिवसांची.

याला एक फाटा आहे. अतिदक्षता विभागात दहा-बारा दिवस काढल्यावर डॉक्टर एका संध्याकाळी म्हणतात, आता घरी न्यायचं तर न्या. ऑक्सिजनची नळी लावून, गाडीत आडवं झोपवून, आपल्या उंबऱ्याच्या आत जीव जावा म्हणून माणसं आईला घेऊन निघतात. घरी पोचून ती गेली तर नोंद ग्रामपंचायतीत होते आणि कळवायची जबाबदारी घरच्यांवर येते. वाटेतच गेली तर नियम असा आहे की, गाडी पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं नोंद व्हावी. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण दवाखान्यानं ‘डिस्चार्ज’ लिहून दिलाय आणि गाव म्हणतंय आमच्याकडं मेली नाही, अशी अडकलेली माणसं पाहिली की नियमातली ही ओळ का घातली ते कळतं.

दवाखान्यातले ते तीन-चार तास जरा जवळून पाहू. नर्स बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून एका कागदात गुंडाळते आणि सही घेते. हे थोरल्याच्या हातात पडतं तेव्हा त्याला ते कुठं ठेवावं ते सुचत नाही. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो आणि मग सारखा तो खिसा चाचपतो. तेवढ्यात कारकून विचारतो, नाव काय लिहू? इथं सावध राहायला हवं. आधार कार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर ‘बाई’ जोडलेलं तिसरं, आणि केसपेपरवर भरतीच्या घाईत कुणीतरी सांगितलेलं चौथं, असं आपल्याकडच्या बायांचं सर्रास असतं. दाखल्यात जे चढेल त्यावर पुढं विमा, पेन्शन, जमीन सगळं चालतं. म्हणून आधार कार्ड समोर ठेवून नाव, नवऱ्याचं नाव, वय आणि कायमचा पत्ता मोठ्यानं वाचून घ्या. पाच मिनिटं जातात. चुकलं तर दुरुस्तीसाठी काही महिने जातात.

दुसरा कागद बहुतेकांना माहीतच नसतो. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. कायद्यानंच ते उघड करायला मनाई आहे. विमा कंपनी मात्र कारण विचारते. ते असतं डॉक्टरांनी भरलेल्या मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायला हवी, तीही मोफत. मागून घ्या, आपणहून हातात पडेल या भरवशावर राहू नका.

साप चावला असेल, भाजलं असेल, रस्त्यावर अपघात झाला असेल, तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. घरच्यांना हे नकोसं वाटतं. कापसाच्या रानात साप चावलेल्या बाईला ‘चिरायचं’ कशाला, म्हणून डॉक्टरांच्या हातापाया पडणारी माणसं आहेत. त्यांची तगमग समजण्यासारखी आहे, पण एक गोष्ट त्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवी. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, तीत शेतकरी कुटुंबातल्या माणसाच्या अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात आणि सर्पदंश त्यात धरलेला आहे. तो दावा उभा राहतो शवविच्छेदनाच्या अहवालावर आणि पंचनाम्यावर. ते टाळलं तर दावा अडू शकतो.

खासगी दवाखान्यात वेगळी अडचण येते: बिल. बाकी भरल्याशिवाय बॉडी सोडणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते बेकायदा आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. थकलेलं बिल हे देणं आहे, ते नंतरही मागता येतं. त्यासाठी आई ओलीस ठेवता येत नाही. आणि १०८ ला फोन करू नका. ती गाडी जिवंत माणसासाठी आहे, मृतदेह नेत नाही. शववाहिका दवाखान्याची, नगरपरिषदेची किंवा एखाद्या मंडळाची असते; नसेल तर खासगी गाडी. भाडं आधी ठरवा, कारण त्या वेळी घासाघीस करायची कुणाला लाज वाटते तर कुणाला भानच नसतं, आणि गाडीवाल्यांना ते ठाऊक असतं.

गावाच्या वेशीत गाडी शिरली की थोरल्याच्या हातातली सूत्रं आपोआप सुटतात. बांबू आलेले असतात, कडबा आलेला असतो, कुणी गवऱ्या रचतंय, कुणी लाकडं मोजतंय. एका सरणाला तीन-चार क्विंटल लाकूड लागतं आणि पावसाळ्यात तेवढं कोरडं मिळवणं हेच मोठं काम. मराठवाड्यात बाईच्या मातीला माहेरच्या साडीशिवाय हलत नाहीत. नवरा असेल तर हिरवी साडी, मळवट, खणा-नारळानं ओटी; तिच्या भावानं आणलेली ती साडी अंगावर घातली की मगच तिरडी उचलायची. सत्तरीच्या बाईचा ऐंशीचा भाऊ, डोळ्यांना धड दिसत नाही, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून प्लास्टिकच्या पिशवीत साडी घेऊन येतो, आणि तोवर अख्खं गाव उन्हात थांबतं. मला या रिवाजाबद्दल आदर वाटतो. सासरी पन्नास वर्षं काढलेल्या बाईचं एक घर आधीही होतं, याची नोंद कुठल्याच सरकारी वहीत नसते. ती या साडीत असते.

सगळीकडं अग्नीच असतो असंही नाही. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारे लिंगायत समाजाचे लोक जमिनीत समाधी देतात. गोदाकाठच्या पांचाळेश्वरला मानणाऱ्या महानुभाव पंथातही दफनच करतात. सिंधुताई सपकाळ पुण्यातल्या रुग्णालयात महिनाभराहून अधिक काळ होत्या आणि ४ जानेवारी २०२२ ला गेल्या. दुसऱ्या दिवशी ठोसरपागा स्मशानभूमीत महानुभाव रीतीनं त्यांचं दफन झालं, तेव्हा टीव्हीवर पाहणाऱ्या पुष्कळांना आश्चर्य वाटलं होतं. हजारो लेकरांच्या माईची माती कशी व्हायची हे तिच्या पंथानं आधीच ठरवलेलं होतं. आपल्या घरात ते कुणी विचारलेलं असतं का?

विचारलेलं नसतं. ‘अभद्र बोलू नको’ म्हणून विषय तोडायची आपल्याला सवय आहे. आणि मग नेमके तेच प्रश्न सरणाजवळ उभे राहतात. नेत्रदान करायचं असेल तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. देहदान करायचं तर अंबाजोगाईचं महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. आईनं एकदा बोलून दाखवलं असतं तर हे होतं. नाही बोलली तर त्या गर्दीत म्हणण्याची छाती कुणाची होत नाही. तेच अग्नी देण्याचं. मुलगा नाही म्हणून पुतण्या शोधायचा ही पद्धत अजून आहे. पण याच जिल्ह्यात, परळीला, ४ जून २०१४ रोजी लाखोंच्या गर्दीसमोर पंकजा मुंडेंनी गोपीनाथ मुंडेंना अग्नी दिला. तो प्रसंग पाहिलेला बीडकर आपल्या गावात ‘लेकीनं अग्नी दिलेला चालत नाही’ म्हणतो तेव्हा त्याला त्या दिवसाची आठवण करून द्यावी.

माती नीट होणं हीसुद्धा किती मोठी गोष्ट आहे ते अंबाजोगाईनं २०२१ च्या एप्रिलमध्ये पाहिलं. ६ एप्रिलला करोनानं गेलेल्या आठ जणांचं दहन एकाच सरणावर झालं. नेहमीच्या स्मशानात दहनाला आसपासच्या लोकांचा विरोध होता आणि मांडवा रस्त्यावर शोधलेली जागा अपुरी होती. २५ एप्रिलला तर एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह नेले गेले. त्याचे फोटो देशभर गेले, चौकशी लागली. मृतदेहांसाठी पुरेशा गाड्याच नाहीत, असं रुग्णालयाकडून तेव्हा सांगण्यात आलं. त्या दिवसांत गेलेल्या आयांना ना माहेरची साडी मिळाली, ना खांदा. गाड्यांची टंचाई साथीपुरती नव्हती आणि स्मशानाचीही नाही. आजही कित्येक वस्त्यांना शेड नाही, वाटेसाठी भांडणं आहेत, पावसात ताडपत्री धरून चिता पेटवावी लागते. दहन-दफनभूमीसाठी जिल्हा नियोजनातून ‘जनसुविधा’ योजनेत पैसा मिळतो. ग्रामसभेत शेड मागायला दर वेळी कुणी मरायची वाट कशाला पाहायची?

त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारी, सोयरे कडू भाकर आणतात. तिसऱ्या दिवशी राख सावडतात. मंजरथला, जिथं सिंदफणा गोदावरीला मिळते, किंवा राक्षसभुवनला अस्थी नेतात. उन्हाळ्यात गोदावरीला धार नसते, डबक्यातच सगळं सोडलेलं दिसतं. म्हणून आता बरीच घरं अस्थी थोड्या नदीला नेऊन राख शेताच्या बांधावर खड्ड्यात टाकतात आणि वर आंबा लावतात. हा बदल कुणी परिपत्रक काढून केलेला नाही, गावोगाव कीर्तनकारांनी सांगून सांगून रुजवला आहे. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत थांबायचं, प्रवचन ऐकायचं, मग तेराव्याचं गोड जेवण. या जेवणावळीसाठी कारखान्याच्या पुढच्या हंगामाची उचल आत्ताच घेणारी घरं आहेत. आईच्या नावानं दोन वर्षांचं कर्ज अंगावर घेण्याला पुण्य म्हणणाऱ्या भावकीला एखाद्या थोरल्यानं ठाम नकार द्यायला हवा. पिठलं-भाकरीचा तेरावासुद्धा तेरावाच असतो.

आणि याच दिवसांत आणखी एक कागद हळूच पुढं येतो. बहिणी माहेरी आलेल्या असतात, रडून रडून डोळे सुजलेले असतात, आणि कुणीतरी मामा-काका म्हणतो, सगळे जमलेच आहात तर सह्या उरकून घ्या. ते हक्कसोडपत्र असतं. आईच्या नावावरची जमीन, घर, बँकेतली ठेव यांत मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर नवरा, यांचा हिस्सा हिंदू वारसा कायद्यानं सारखा आहे. बहिणीला सोडायचा असेल तर ती सोडील. पण सुतकात, साडी-चोळीच्या बदल्यात नको.

वारस नोंदीसाठी तलाठ्याला कळवायची मुदत तीन महिन्यांची आहे. तो अर्ज द्याल तेव्हा मृत्यूच्या दाखल्याची नक्कल जोडा, आणि वारसांच्या यादीत सगळ्या बहिणींची नावं लिहिली आहेत का, ते सही करण्याआधी पाहा.