वाचकांनी सांभाळलेला पो

सणाला विकत घ्यायचा, भेट म्हणून द्यायचा आणि घरात हातोहात फिरवायचा वार्षिक अंक ही काही आपल्या दिवाळीचीच मिरास नव्हे. आपला पहिला मानला जाणारा दिवाळी अंक, 'मनोरंजन'चा, १९०९ साली निघाला. त्याच्या सुमारे पाऊणशे वर्षं आधी फिलाडेल्फियाहून 'द गिफ्ट' हा अंक नाताळ आणि नववर्षासाठी निघू लागला होता. सुबक चित्रं, देखणी बांधणी, सोज्वळ कविता. या अंकाच्या १८४३च्या पुस्तकात पानं उलटता उलटता वाचक एकदम धर्मन्यायालयाच्या काळोख्या कोठडीत जाऊन पडत असे. कैदी जखडलेला, वरून धारदार पातं झुलत झुलत खाली येतंय आणि अंगावर उंदीर चढलेत. 'द पिट अँड द पेंड्युलम' ही एडगर ॲलन पोची कथा पहिल्यांदा वाचली गेली ती अशी, सणाच्या अंकात. 'विल्यम विल्सन' आणि 'द परलॉइन्ड लेटर'ही त्याच अंकाच्या वेगवेगळ्या वर्षांतल्या. सणाच्या दिवसांत असलं भयंकर कशाला, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांना दिवाळीतच वाचत आलेल्या आपल्या वाचकांना तर हा प्रश्न पडणारच नाही.

आपल्या वाचकाला काय हवं, हे पोला पक्कं ठाऊक होतं. १८३५मध्ये रिचमंडच्या 'सदर्न लिटररी मेसेंजर'मध्ये त्याची 'बेरेनीस' छापून आली. तिचा नायक पुरलेल्या स्त्रीचे दात उपटून आणतो. तक्रारी आल्या. कथा अभिरुचीच्या सीमेवर गेली हे पोने मालकाला लिहिलेल्या पत्रात मान्य केलं, पण मासिकं ज्याच्यामुळे नावारूपाला येतात ते लेखन याच जातीचं असतं, असंही त्याच पत्रात बजावलं. तेव्हा त्याचं वय २६. आई दोन वर्षांचा असतानाच गेलेली, सांभाळ करणाऱ्या तंबाखू-व्यापारी जॉन ॲलनशी फाटलेलं, वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून हकालपट्टी झालेली. पोट लेखणीवर. वाचक हातचा गेला तर चूल पेटणार नाही, अशा माणसाचा हा हिशोब होता.

पुढे १८४२मध्ये समकालीन कथाकार हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना त्याने या हिशोबाचं शास्त्रच केलं: कथा एका बैठकीत संपली पाहिजे आणि तिचं प्रत्येक वाक्य एकाच परिणामाकडे गेलं पाहिजे. मात्र वाचक त्याच्यावर जीव टाकतात तो या शास्त्रासाठी नव्हे. माझ्या मते खरं कारण त्याच्या बोलण्याच्या ढंगात आहे. पोच्या सर्वोत्तम कथांत भूत नसतंच. असतो तो एक माणूस, आणि तो थेट आपल्याशी बोलतो. 'द टेल-टेल हार्ट'मधला निवेदक आपण वेडे नाही हे पटवण्यासाठी किती सावधपणे खून केला ते सांगतो. सात रात्री तो म्हाताऱ्याच्या खोलीचं दार इंच इंच उघडतो, आठव्या रात्री कार्यभाग उरकतो आणि प्रेत ज्या फळ्यांखाली पुरलं त्यांच्यावरच खुर्ची मांडून पोलिसांशी गप्पा मारतो. 'द ब्लॅक कॅट'चा निवेदक फाशीच्या आदल्या दिवशी लिहितो. 'द कास्क ऑफ अमोंटिलाडो'चा तर मित्राला भिंतीआड चिणल्यावर पन्नास वर्षांनी, शांतपणे. ही कबुली ऐकणारे आपण कोण? न्यायाधीश, धर्मगुरू की साथीदार? पो ते सांगत नाही. वाचता वाचता आपण मनातल्या मनात वीट सरळ बसली का ते पाहू लागतो, आणि मग स्वतःचीच भीती वाटते. ही भीती चटकन जात नाही, म्हणून माणसं या कथा पुन्हा उघडतात.

त्या काळच्या वाचकांचा विश्वास तर आणखी पुढे गेला. मरणाच्या क्षणी संमोहित केलेला माणूस महिनोन्‌महिने त्याच अवस्थेत अडकून राहतो, अशी 'मिस्टर व्हाल्डेमार'ची हकिकत १८४५च्या अखेरीस आली आणि अनेकांनी ती खरीच मानली. लंडनमध्ये तिची पुस्तिका निघाली. स्कॉटलंडमधल्या एका औषधविक्रेत्याने पोला पत्र लिहून खरं-खोटं विचारलं, तेव्हा ती थाप असल्याचं पोने कळवलं.

त्याच वर्षी २९ जानेवारीला 'द रेव्हन' ही कविता छापली गेली आणि पो रातोरात घराघरांत पोचला. विडंबनांचा पाऊस पडला. हाती आले ते मात्र, चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे, फार तर पंधराएक डॉलर. कवितेतल्या, कावळ्याच्या कुळातल्या बोलक्या पक्ष्याची एक गंमत आहे. डिकन्सच्या 'बार्नबी रज'मध्ये ग्रिप नावाचा असाच पक्षी होता आणि त्याचा आणखी उपयोग करता आला असता, असं पोने परीक्षणात लिहिलं होतं. डिकन्सने पाळलेला खराखुरा ग्रिप पेंढा भरून फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेला आहे. पोचे भक्त त्याच्या दर्शनाला जातात.

जाणकारांचं मात्र त्याच्याशी कधी धड जमलं नाही. एमर्सनने त्याला यमकांचा खुळखुळा वाजवणारा ठरवलं. हेन्री जेम्सला पोबद्दलची भक्ती हे बुद्धीच्या प्राथमिक अवस्थेचं लक्षण वाटलं. टी. एस. एलियटने १९४८मध्ये त्याच्या बुद्धीची तुलना वयात न आलेल्या हुशार मुलाच्या बुद्धीशी केली. एलियटचं म्हणणं मला अर्धं पटतं, कारण बहुतेकांना पो भेटतो तो शाळकरी वयातच. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे, ते मात्र कळत नाही. धारपांची पुस्तकं ग्रंथालयांत फाटेस्तोवर वाचणारा आणि समीक्षेत त्यांचं नाव क्वचितच पाहणारा मराठी वाचक या दुजाभावाला सरावलेला आहे. फ्रेंचांनी मात्र पोला डोक्यावर घेतलं. बोदलेरने आयुष्याची कितीतरी वर्षं पोच्या अनुवादात घातली आणि 'द रेव्हन'च्या मालार्मेकृत अनुवादाला १८७५मध्ये माने या चित्रकाराची चित्रं लाभली. जपानमधल्या तारो हिराई या तरुणाने एदोगावा राम्पो हे टोपणनाव घेतलं. ते भरभर उच्चारलं की एडगर ॲलन पो ऐकू येतं.

३ ऑक्टोबर १८४९ रोजी पो बाल्टिमोरमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत सापडला आणि ७ तारखेला रुग्णालयात वारला. कशाने, यावर अजून वाद आहेत. अंत्ययात्रेला दहा माणसंही नव्हती. दोनच दिवसांत त्याचा प्रतिस्पर्धी संपादक रूफस ग्रिसवोल्ड याने टोपणनावाने विखारी मृत्युलेख लिहिला आणि पुढे चरित्रात त्याला दारुडा, दुष्ट ठरवलं. त्यासाठी त्याने पोच्या पत्रांत फेरफार केल्याचं १९४१मध्ये सप्रमाण सिद्ध झालं. घडलं उलटंच. खलनायक लेखकाच्या शोधात लोक कथांकडे आणखी ओढले गेले.

१८७५मध्ये त्याच्या थडग्यावर स्मारक उभं राहिलं, त्यातही बाल्टिमोरच्या शाळकरी मुलांनी जमवलेल्या पैशांचा वाटा होता. जन्मतारीख चुकून २० जानेवारी कोरली गेली, ती तशीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून दर १९ जानेवारीच्या, म्हणजे खऱ्या जन्मदिवसाच्या, पहाटे काळ्या कपड्यांतली एक व्यक्ती तिथे येऊन तीन गुलाब आणि कोन्याकची बाटली ठेवून जाऊ लागली. थडग्याशेजारच्या चर्चच्या आतून पाहणाऱ्यांनी तिचा चेहरा उघडा करायचा प्रयत्न कधी केला नाही. ही कल्पना आपलीच, असा दावा २००७मध्ये एका वृद्ध गृहस्थांनी केला, पण या प्रथेची त्यांनी सांगितलेल्या काळाच्या आधीची, १९५०ची छापील नोंद त्याच्या आड येते. २००९ हे पोच्या जन्माच्या द्विशताब्दीचं साल. त्यानंतर तो पाहुणा फिरकला नाही. त्याच वर्षी शहराने पोची अंत्ययात्रा नव्याने काढली, या खेपेला गर्दी करून. फुटबॉल संघाचं नावही बाल्टिमोरकरांनी १९९६मध्ये मतदानाने 'रेव्हन्स' ठेवलं होतं.

नवे वाचक आता मालिकांतून येतात. 'वेन्सडे'मधल्या शाळेचं नाव 'नेव्हरमोर' का, हे शोधत ते 'द रेव्हन'पर्यंत पोचतात, कारण त्या कवितेतला पक्षी हाच शब्द उच्चारतो. त्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं की पोच्या विनोदी कथा आणि विश्वरचनेवरचं 'युरेका' सध्या बाजूला ठेवा, दोन्ही मलाही झेपत नाहीत. 'अमोंटिलाडो'पासून सुरुवात करा, मग 'टेल-टेल हार्ट' घ्या. 'रेव्हन' मात्र डोळ्यांनी वाचू नका. ती मूळ इंग्रजीत, मोठ्याने वाचण्याची कविता आहे.