वऱ्हाड कोल्हापुरी, वाट खिद्रापुरी

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापूरची मंगल कार्यालयं गजबजतात. मुंबई-पुण्याहून, नागपूर-इंदूरहून वऱ्हाड येतं. हळद सकाळीच आटोपते, सीमांतपूजन संध्याकाळी असतं आणि मधली अख्खी दुपार पाहुणे जानवशाच्या खोलीत मोबाईल चार्जिंगला लावून लोळत असतात. ही दुपार मला फार मोलाची वाटते. इतक्या लांबून माणसं पुन्हा एकत्र कधी येणार? त्यांना काहीतरी दाखवायलाच हवं, असं मी गेली कित्येक वर्षं ओळखीच्या प्रत्येक वधूपित्याला सांगत आलो आहे.

नेहमीची यादी सगळ्यांना पाठ असते: अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, परतताना चप्पल आणि गुजरीत साज बघणं. यातलं काहीच टाकाऊ नाही. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेच्या आसपास लग्न असेल तर किरणोत्सव चुकवू नये. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि एकेका दिवशी देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. तरुण मंडळींना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यावं. समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. शहरात वाढलेली पोरं आधी बिचकतात, मग दुसरा ग्लास मागतात. कुस्तीचा नाद असलेल्या काकांना शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं खासबाग मैदान दाखवावं.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. एक गाडी सांगा आणि पाहुण्यांना खिद्रापूरला न्या.

शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी, कर्नाटकच्या सीमेला टेकून हे गाव आहे. कोल्हापूरहून साठेक किलोमीटर. जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड असा उसाच्या फडांमधून रस्ता जातो. गावात शिरेपर्यंत पुढे काय आहे याचा पत्ता लागत नाही. घरांच्या मागे अचानक कोपेश्वराचं काळ्या दगडातलं देऊळ उभं राहतं.

पूर्वेकडून आत गेलात की पहिलाच स्वर्गमंडप. याला मधोमध छतच नाही. वर सुमारे तेरा फूट व्यासाचा मोकळा गोल, त्यातून आभाळ दिसतं, आणि बरोबर खाली तेवढ्याच घेराची गोल शिळा. गोलाच्या कडेनं बारा खांब, आणि मंडपात सगळे मिळून अठ्ठेचाळीस. वर मान करून पाहिलं तर दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले. खांबांकडे मात्र जवळ जाऊन पाहा. एकच खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी आणि मग गोल होत जातो, आणि त्या गोल भागावर कातकामासारख्या बारीक, धारदार कडा आहेत. त्यांवरून बोट फिरवलं की आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात किती स्थिर होता ते कळतं. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या गोलाच्या माथ्यावर येतो. त्या रात्रीच्या आगेमागे लग्न असेल तर झोपेवर पाणी सोडा, पण जा.

इतिहास थोडक्यात: बारावं शतक, कोल्हापूरचे शिलाहार. त्यांच्यातल्या दुसऱ्या भोजाची राजधानी पन्हाळ्यावर होती. देवगिरीच्या सिंघण यादवानं त्यांचं राज्य जिंकलं आणि या देवळावर आपला शिलालेख ठेवला.

देवळाची कथा तर लग्नघरातल्या माणसांना जिव्हारी लागणारी आहे. दक्षानं यज्ञाला लेक-जावयाला बोलावलं नाही. सती नंदीवर बसून तशीच माहेरी गेली, अपमान झाला आणि तिनं देह ठेवला. शंकर कोपले, विष्णूनं त्यांची समजूत काढली. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर, म्हणजे शिव आणि विष्णू, शेजारी शेजारी आहेत, आणि समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं गावकरी सांगतात. ही कथा मी एका लग्नाच्या वऱ्हाडाला मंडपातच सांगितली. वरमाय ऐकता ऐकता शांतपणे उठल्या आणि बाजूला जाऊन त्यांनी कुणालातरी फोन लावला. एका रुसलेल्या नणंदेला आमंत्रण गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अक्षतांना त्या हजर होत्या.

बाहेरून प्रदक्षिणा घालायला विसरू नका. देवळाचा भार पाठीवर घेतलेल्या हत्तींची रांग तिथे आहे. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत, तरी एकाही हत्तीची झूल दुसऱ्यासारखी नाही. लहान मुलांना हे फरक शोधायला लावा, अर्धा तास ती हलत नाहीत. जवळच जुनं जैन मंदिरही आहे.

परतीला वाडीला थांबावं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुकांचं दर्शन घ्यावं, बासुंदी खावी आणि कवठाची बर्फी बांधून घ्यावी. रुखवतात मांडायलाही ती शोभते.

हळद आटोपताच निघालात तर संध्याकाळी सीमांतपूजनाला परत येता. वयस्कर माणसांना पायऱ्यांचा त्रास नाही, पन्हाळ्यासारखी चढण नाही. म्हणून यंदा कोल्हापूरकडचं कार्य ठरलं असेल तर पत्रिका छापायला देतानाच खिद्रापूरची गाडीही ठरवून टाका, आणि पत्रिकेत खाली एक ओळ घाला: मुक्कामाच्या तयारीनं यावे.