बायबलमधला द्राक्षारस: दारू की सरबत?



मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "मराठी बायबलमध्ये 'द्राक्षारस' लिहिलंय. म्हणजे येशूने कानाच्या लग्नात पाण्याचं द्राक्षाचं सरबत केलं ना?" प्रश्न साधा वाटतो. पण एका शब्दावरून संशोधन कसं सरळ जातं किंवा घसरतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी शब्द बघू

मराठीत आपल्याला एकच 'द्राक्षारस' दिसतो, पण मुळात शब्द अनेक आहेत. इब्री भाषेत 'यायिन' हा नेहमीचा शब्द. 'तीरोश' म्हणजे नवा द्राक्षारस. धान्य, तीरोश आणि तेल असं त्रिकूट बऱ्याचदा सुगीच्या संदर्भात येतं. 'शेखार' म्हणजे इतर मादक पेय. त्याला मराठीत साधारणपणे 'मद्य' म्हणतात. ग्रीक नव्या करारात मुख्य शब्द आहे 'ओइनोस'.

दोन द्राक्षारसांचा सिद्धांत

१९व्या शतकात अमेरिकेत दारूबंदीची चळवळ जोरात होती. तेव्हा काही ख्रिस्ती अभ्यासकांनी असं मांडलं की बायबलमध्ये द्राक्षारस दोन प्रकारचा आहे: जिथे स्तुती आहे तिथे न आंबलेला, जिथे निंदा आहे तिथे आंबलेला. विल्यम पॅटन यांचं १८७१चं पुस्तक याच मताचं. त्याच्या दोन वर्षं आधी, १८६९मध्ये, थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरच्या पद्धतीने रस तापवून तो न आंबता टिकवला, तोही चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी.

खरं सांगू? हा सिद्धांत वाचला तेव्हा मी खूश झालो. माझ्या मामाचं घर दारूपायी बसलं. मामीने भांडीसुद्धा विकलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे बायबलने दारूला कुठेच चांगलं म्हटलेलं नाही, असं कुणीतरी सिद्ध करावं हे मला मनापासून हवं होतं. मी आठ पानं लिहून मार्गदर्शक मॅडमना दिली. त्यांनी वाचली आणि एवढंच विचारलं, "तुला हे पटलंय की आवडलंय?"

मग पुरावा तपासला

सिद्धांताच्या बाजूने पुरावा आहे, हे नाकारायचं कारण नाही. यशया ६५:८मध्ये तीरोश घडातच असल्याचं म्हटलंय. घडातला रस आंबलेला कसा असेल? पण होशेय ४:११मध्ये यायिन आणि तीरोश दोन्ही माणसाची बुद्धी हरतात असं येतं. म्हणजे 'तीरोश = निरुपद्रवी रस' हे समीकरण तिथेच मोडतं.

यायिनचंही तसंच. तो पिऊन नोहा झिंगतो (उत्पत्ति ९), आणि स्तोत्र १०४मध्ये तोच यायिन माणसाचं मन आनंदित करणारी देवाची देणगी आहे. शब्द तोच, मूल्यमापन वेगळं. करिंथ इथल्या मंडळीत तर प्रभुभोजनालाच काही जण झिंगत, म्हणून पौल रागावतो.

व्यवहारही बघा. द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस, वल्हांडण सण वसंतात. रस उकळून घट्ट करता यायचा, पण साधा रस फ्रिजशिवाय इतके महिने गोड राहणं अवघड. सालीवरचं यीस्ट आपलं काम लगेच सुरू करतं.

आणि काना? योहान सहा दगडी रांजण सांगतो, प्रत्येकात दोन-तीन मापं. एक माप सुमारे ३९ लिटर धरलं तर एकूण साधारण ४७० ते ७०० लिटर! शब्द 'ओइनोस'. भोजनकारभारी म्हणतो की लोक आधी चांगला देतात आणि पाहुणे भरपूर प्यायल्यावर हलका काढतात. सरबताबद्दल असं कुणी कशाला म्हणेल?

मग ख्रिस्ती लोक काय मानतात?

एकच मत नाही. कॅथलिक मिस्सेला द्राक्षांची वाइनच लागते. ऑर्थोडॉक्स, लुथेरन, अँग्लिकन परंपरांतही वाइनच रूढ आहे. त्यांच्या दृष्टीने पिणं पाप नाही, झिंगणं पाप आहे. मेथडिस्ट आणि अनेक बॅप्टिस्ट मंडळ्यांत प्रभुभोजनाला न आंबलेला रस वापरतात. साल्व्हेशन आर्मीचे सैनिक तर दारूला शिवतच नाहीत.

गंमत अशी की पूर्ण वर्ज्य करण्यासाठी दोन द्राक्षारसांचा सिद्धांत लागतच नाही. रोमकरांस पत्र १४:२१मध्ये पौल म्हणतो, आपल्या पिण्याने भाऊ अडखळत असेल तर न पिणं बरं. इथे द्राक्षारस वाईट आहे असा दावा नाही. शेजारच्या माणसाची काळजी आहे. मामीला मी आज हेच कारण सांगेन. ते जास्त प्रामाणिक आहे आणि जास्त टिकाऊही.

तुमच्यासाठी काय?

प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी करा. भाषांतरातल्या शब्दावर थांबू नका, मूळ शब्दापर्यंत जा. तुमच्या मताला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारा उतारा स्वतः शोधा. परीक्षक शोधणारच आहेत. आणि हेतू चांगला आहे म्हणून पुरावा चांगला ठरत नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

माझी ती आठ पानं मी फेकली नाहीत. आता त्यांचं शीर्षक वेगळं आहे: 'लोकांना हा सिद्धांत हवा का वाटला?' प्रबंधाचं दुसरं प्रकरण तिथूनच सुरू झालं.