सणाचे दिवस, बंद खाणावळ आणि गोळीची वेळ

दिवाळीत, लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत, हिंगोलीत जेवणाचा डबा मिळणे किती अवघड होते, हे ज्यांचे रोजचे जेवणच डब्यावर अवलंबून आहे त्यांनाच ठाऊक. खाणावळीत पोळ्या करणाऱ्या बायका आपापल्या घरी सणात असतात, आचारी सेनगाव-कळमनुरीकडच्या गावी गेलेला असतो. उघडी राहतात ती एखाद-दुसरी उपाहारगृहे. मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला, घरात दोघेच, दोघांचेही गुडघे दुखरे. मग शेजारचा मुलगा दुचाकीवरून पार्सल आणून देतो. यात कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. पुरणावरणाचा स्वयंपाक घरी झालाच पाहिजे, हा हट्ट सत्तरीनंतर सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा वेळी रुग्ण विचारतात, ‘डॉक्टर, बाहेरचे खाल्ले तर चालेल का?’ त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: जेवण नेमके किती वाजता हातात पडणार? उघडे असलेले एकच दुकान, तेथे साऱ्या गावाची गर्दी, आणि एकचे जेवण येते अडीचला. इकडे सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी पावणेएकलाच घेतलेली असते, किंवा इन्सुलिन टोचून झालेले असते. औषध आपले काम करीत राहते. पोटात मात्र काहीच नसते. रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरते. तरुणाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. वृद्धांमध्ये चित्र पुष्कळदा निराळे असते: बोलणे अडखळते, उगाच चिडचिड होते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो किंवा गुंगीत पडून राहतो. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर छातीतील धडधडीची सूचनाही मिळत नाही. घरच्यांना वाटते, सणाच्या दगदगीने डोळा लागला असेल.

म्हणून या दिवसांपुरता क्रम बदला. पार्सल घरात यावे, ताट वाढले जावे, मगच जेवणापूर्वीची गोळी किंवा इन्सुलिन घ्यावे. गोळी आधीच घेतली गेली असेल तर पार्सलची वाट पाहत बसू नका. केळे, दूध-पोहे, भाकरीचा तुकडा, जे हाताशी असेल ते खा. साखर उतरल्याची शंका आली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटताच जेवू घालावे. हा दिवाळीचा लाडू देण्याचा प्रसंग नव्हे. तुपामुळे त्यातील साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. एकदा सावरले म्हणून रुग्णाला रात्रभर एकटे ठेवू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

आता पार्सलविषयी. जे समोर गरम होते आहे तेच मागवावे: वाफेवरची इडली, नुकती शिजलेली खिचडी, वरण, फुलके. सकाळी एकदाच करून ठेवलेली पनीरची भाजी, ओल्या नारळाची चटणी, चिरलेला कांदा आणि मठ्ठा सोडून द्यावा. भाताचे विशेष सांगतो. शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू तांदळात असतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ऑक्टोबरच्या उष्म्यात दुपारचा भात रात्रीसाठी झाकून ठेवणे म्हणूनच धोक्याचे. दोन तासांत खाऊन संपवावे किंवा फ्रीजमध्ये ठेवावे. कवळी असणाऱ्यांनी गार झालेल्या तंदुरी रोटीच्या वाटेला जाऊ नये, घास अडकतो.

पार्सल आणायला घरचा स्टीलचा डबा द्यावा. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळण्यास 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे, तरी भजी अजून तशीच मिळतात! दिवसभरात एकूण मीठ एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमहून कमी असावे. बाहेरच्या रश्श्यात ते सहज ओलांडले जाते. हृदयविकाराच्या रुग्णांनी रस्सा ताटातच ठेवावा आणि लोणचे-पापड वाढूनच घेऊ नयेत.

हॉटेल बंद असले की कुणीतरी आपुलकीने महाप्रसादाचा डबाही आणून देतो. फेब्रुवारी 2024 मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील प्रसाद खाल्ल्यानंतर सुमारे दोन हजार जणांना विषबाधा झाली होती. प्रसाद नाकारू नका. पण तो केव्हा शिजला हे विचारा, आणि फार वेळ झाला असेल तर कणभर घेऊन नमस्कार करा.

तरीही जुलाब लागलेच, तर ओआरएसचे पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून घोट-घोट पाजा. वृद्धांना तहान कमी जाणवते, त्यांनी मागण्याची वाट पाहू नका. लघवी वाढविणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सुरू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा उठताना भोवळ आली, तर सण असो वा नसो, रुग्णाला सरळ रुग्णालयात न्यावे.