दोष वाऱ्याचा की गळतीचा?

ओझोन कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि इंधन-रसायनांच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की तो हवेतच तयार होतो. म्हणून संगणकाच्या मॉडेलला दोन गोष्टी आधी पुरवाव्या लागतात: वारा कसा वाहील आणि कुठून काय किती बाहेर पडतंय. उत्तर चुकलं, तर चूक या दोहोंपैकी कशात आहे हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. किनाऱ्यावरच्या शहरांत वाऱ्यावर खापर फोडणं फारच सोपं. माझ्या मते, नेमकं तिथेच आधी उत्सर्जनाच्या यादीची झाडाझडती घ्यायला हवी.

टेक्सासमधलं ह्यूस्टन घ्या. 1999 साली ओझोनच्या बाबतीत त्याने लॉस एंजेलिसलाही मागे टाकलं. गॅल्व्हस्टन बेला मिळणाऱ्या शिप चॅनलच्या काठाने रिफायनऱ्या आणि रसायनांचे कारखाने दाटीने उभे आहेत. सकाळचे मतलई वारे त्यांचा सगळा ऐवज पाण्यावर नेऊन ठेवतात. पाण्यावरचा हवेचा थर उथळ, त्यामुळे मिश्रण फारसं विरळ होत नाही. आणि झाडं-माती ओझोन शोषतात तसा पाणी शोषत नाही. दुपारी खारे वारे सुटले की तेच मिश्रण उन्हात शिजून शहरावर परत येतं. मॉडेलमध्ये वारा तासभर उशिरा उलटला, तर ओझोन भलत्याच उपनगरावर दिसतो.

पण ह्यूस्टनचा ओझोन मॉडेलच्या अंदाजापेक्षा फार झपाट्याने चढत होता, आणि तेवढं वाऱ्याने भागत नव्हतं. 2000 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी विमानं थेट कारखान्यांच्या धुरातून नेली आणि उगमाजवळ इथिलीन या रसायनाच्या वाफेचं नायट्रोजन ऑक्साइडांशी प्रमाण मोजलं. युक्ती साधी. सरबतात कितीही पाणी ओता, साखर-मिठाचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. तसं वारा दोन्ही वायूंना सारखंच विरळ करतो. मोठ्या चिमण्यांतली ऑक्साइडं यंत्रांनी सतत मोजली जातात, म्हणून तो आकडा भरवशाचा. त्यावरून इथिलीन, प्रॉपिलीन यांसारख्या चटकन क्रिया करणाऱ्या वायूंचं उत्सर्जन कागदापेक्षा दहापट, काही ठिकाणी शंभरपटीपर्यंत निघालं. कागदावरचा आकडा मोजलेला नव्हताच मुळी. इतके व्हॉल्व्ह, दर व्हॉल्व्हमागे इतकी गळती, असा तो ठोकताळा होता.

मॉडेल इतकं हुकत असेल तर हवा मोजणारी केंद्रंच पुरेत, असं कोणी म्हणेल. पण केंद्र कालची हवा सांगतं. अमुक गळती बंद केली तर उद्या काय होईल, हे सांगत नाही. आणि इथे अंदाजपंचे चालत नाही: ताजं नायट्रिक ऑक्साइड ओझोन खातं, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी डिझेल ट्रक कमी धावत तेव्हा ओझोन उलट वाढे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: खाडीवरचा वारा मॉडेलमध्ये खरोखरच चुकतो. चुकतोच. पण वारा थोडा इकडेतिकडे सरकवून चुकीच्या यादीतूनही बरोबर आकडा काढता येतो, आणि मग त्या मॉडेलवर बेतलेला उपाय चुकतो. टेक्सासने उद्योगांच्या नायट्रोजन ऑक्साइडांत 90 टक्के कपात ठरवली होती. विमानांची मोजणी हाती आल्यावर, 2002 साली, ती 80 टक्क्यांवर आणली गेली आणि इथिलीन-प्रॉपिलीनसारख्या वायूंवर वेगळे निर्बंध आले: नको असलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअरच्या ज्वाळांवर, कूलिंग टॉवरांवर आणि गळक्या व्हॉल्व्हांवर.